चौसष्ट दगड आणि एक

अंधेरीला गावदेवीच्या डोंगराखाली जी गल्ली आहे, तिथे सत्तावन्न साली कुणाचा मुलगा शिकून काय होणार हे एका शब्दात सांगता येत असे. डॉक्टर. वकील. फार तर इंजिनियर. मार्तंडराव कर्णिकांना मात्र आपल्या श्यामकांतबद्दल सांगायला चार वाक्यं लागत, आणि चौथं वाक्य संपल्यावरही समोरचा विचारायचा, "म्हणजे खडीच्या खाणीवर लागणार का?"

"भूगर्भशास्त्र," मार्तंडराव म्हणत. "सरकारी खातं आहे त्याचं."

"असं, असं. सरकारी खडी."

यावर मार्तंडराव छत्री उघडत, ऊन असो नसो, आणि चालू लागत.

सुरुवात झाली ती श्यामकांत बी.एस्सी.ला असताना. त्याच्या प्रोफेसरांनी अख्खा वर्ग अंधेरीला आणला, तोही नेमका याच्याच गल्लीमागचा डोंगर दाखवायला. "इथला कोण आहे?" त्यांनी विचारलं. श्यामकांतने ऐटीत हात वर केला. "मग सांग, समोर काय दिसतं?" श्यामकांत म्हणाला, "गावदेवीचं देऊळ, सर." वर्ग खो खो हसला. देऊळ होतंच, पण त्याच्याखाली काळ्या दगडाचे सरळसोट खांब पेटीत उभ्या ठेवलेल्या पेन्सिलींसारखे एकमेकांना खेटून उभे होते. तापलेला लाव्हा निवता निवता तडकून झालेले हे खांब म्हणजे मोठं नवल, हे श्यामकांतला तेव्हा कळलं. याच डोंगरावर त्याने दहा वर्षं पतंग उडवले होते. त्याला इतकी लाज वाटली की परत येताना त्याने वाटेतला एक दगड उचलून खिशात घातला.

त्यानंतर घरात दगड येऊ लागले ते थांबेचनात. कपाटावर दगड, खाटेखाली दगड, गव्हाच्या डब्यामागे दगड. त्याची आई, उत्तराबाई, पहिल्यांदा दगडांभोवतीने केर काढत राहिली. मुलगा विड्या ओढत नाही, सिनेमावाल्यांच्या मागे फिरत नाही, दगड आणतो तर आणू दे, असा तिचा हिशेब. पण एकदा त्याने पुण्याकडून एक काचेसारखा स्वच्छ स्फटिक आणला आणि ओट्यावर ठेवून तो जेवायला बसला. उत्तराबाईंनी तो तुरटी समजून आठ दिवस पिण्याच्या पाण्यात फिरवला. पाणी काही निवळेना. नवव्या दिवशी त्या तो घेऊन वाण्याकडे भांडायला गेल्या, की तुझी तुरटी बनावट आहे. वाण्याने तो माझा नव्हेच असं देवाशपथ सांगितलं तेव्हा कुठे गोष्ट उघडकीला आली. दुसऱ्या खेपेला श्यामकांतच्या हातून दगड तपासायच्या आम्लाची बाटली मोरीत सांडली आणि फरशी दुधासारखी फेसाळली. तेव्हापासून आम्लाला घरात बंदी झाली आणि दगडांना गॅलरीत हद्दपारी.

आता श्यामकांत एम.एस्सी. झाला होता, पहिल्या वर्गात. दिल्लीच्या खात्याला भूगर्भशास्त्रज्ञ हवे होते. पंचवार्षिक योजनेचे दिवस, कोळसा शोधायचा, लोखंड शोधायचं, जागोजागी माणसं कमी पडत होती. श्यामकांतने अर्ज केला आणि तयारीला लागला. तयारी म्हणजे काय, तर खिळ्यांचे बूट घालून तो रविवारी बोरिवलीच्या डोंगरात चालायला जायचा आणि सोमवारी लंगडायचा. तंबूत राहायची सवय व्हावी म्हणून गॅलरीत सतरंजीवर झोपायचा आणि डासांनी फोडून काढला की पहाटे गुपचूप आत येऊन खाटेवर पडायचा. स्वतःचं अन्न स्वतः शिजवता यावं म्हणून त्याने स्टोव्हवर खिचडी केली. ती खिचडी उत्तराबाईंनी चाखली, ताट बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, "नमुना चांगला आहे. ह्याला पण नंबर घाल."

नंबरांचं कारण असं. नमुना गोळा केला की त्याच्या एका कोपऱ्यावर पांढऱ्या ऑइलपेंटचा रुपयाएवढा ठिपका द्यायचा, तो वाळला की त्यावर काळ्या शाईने बारीक नंबर घालायचा, आणि एका वहीत त्या नंबरापुढे लिहायचं : कुठे सापडला, कधी, कुठल्या थरात, कसा होता. प्रोफेसर सांगायचे, दगड कुठला ते माहीत नसेल तर तो नमुना नाही, नुसता दगड. श्यामकांतने तीन वर्षांत असे चौसष्ट नमुने जमवले होते. जुहूच्या किनाऱ्यावरच्या खडकातले, घाटकोपरच्या टेकडीतले, मुलुंडच्या पलीकडचे, कॉलेजच्या सहलीत रत्नागिरीहून, सौराष्ट्रातून आणलेले. आणि मुलाखतीच्या पत्रात स्पष्ट लिहिलं होतं, उमेदवाराने स्वतः जमवलेले नमुने आणि त्यांची वही सोबत आणावी. दिल्लीचे साहेब मुंबईतच येणार होते, भाऊबीज झाल्यावरच्या सोमवारी.

मार्तंडरावांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "हे बघ श्याम, ही एक संधी. नोव्हेंबर अखेरपर्यंत त्यांचं बोलावणं आलं तर ठीक. नाहीतर एक डिसेंबरला विमा कचेरी. तिथल्या प्रधानांनी तुझ्यासाठी खुर्ची धरून ठेवली आहे. खिडकीजवळची."

मार्तंडराव स्वतः तीस वर्षं फोर्टातल्या एका कचेरीत फायली सांभाळत होते आणि त्यांना अजून खिडकीजवळची खुर्ची मिळाली नव्हती. म्हणून त्यांना ती फार मोठी गोष्ट वाटे. श्यामकांत मात्र त्या खुर्चीचं नाव निघालं की खिळ्यांचे बूट घालून बाहेर पडे.

त्याने चौसष्ट नंबर पाठ केले. आंघोळ करताना मोरीतून आवाज येत असे, "सतरा, मालाडचा काळा पाषाण. अठरा, जांभा, रत्नागिरी. एकोणीस..." खालच्या मजल्यावरचा त्याचा मित्र नंदू जिन्यातून ओरडायचा, "दगड्या, पाणी संपलं रे! एकोणीस राहू दे!" हा नंदू एका स्टुडिओत सेट रंगवायच्या कामावर होता आणि खोटे दगड बनवण्यात पटाईत होता. लाकडाच्या चौकटीवर गोणपाट आणि त्यावर प्लास्टर. त्याचं म्हणणं असं की दोघांचा धंदा एकच, फक्त आपले दगड हलके.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी श्यामकांत प्रोफेसरांचं शिफारसपत्र आणायला गेला होता. चार वाजता परत आला तर गच्चीवर आईचं जुनं लुगडं अंथरलेलं, एका बाजूला अनारशाचे तांदूळ वाळत घातलेले आणि दुसऱ्या बाजूला त्याचे दगड. स्वच्छ, लखलखीत, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावलेले. आधी त्याला बरंच वाटलं. मग तो खाली वाकला. मग त्याने एक उचलून फिरवून फिरवून पाहिला, दुसरा उचलला, तिसरा उचलला.

"आई," तो जिन्याच्या तोंडाशी जाऊन म्हणाला, "नंबर कुठे गेले?"

"कसले नंबर?" खालून आवाज आला.

"पांढरे ठिपके होते. प्रत्येकावर."

"ते होय? मेल्या कबुतरांनी सगळी घाण करून ठेवली होती. खोका गॅलरीत ठेवतोस, मग दुसरं काय होणार? घंगाळात उकळतं पाणी घेतलं, धुण्याचा सोडा टाकला, दुपारभर भिजवले, तेव्हा सुटली बघ. कधीची काथ्याने घासतेय, कंबर मोडली." आणि वर, "आता कसे दिवाळीसारखे दिसतात की नाही?"

उत्तराबाईंच्या बाजूनेही बोललं पाहिजे. खोक्यातल्या वरच्या पाच-सात दगडांवर कबुतरांनी खरोखरच आपलं काम केलं होतं. मग खालच्या पांढऱ्या ठिपक्यांवर वेगळा विश्वास त्यांनी का ठेवावा?  श्यामकांत लुगड्याच्या काठावर बसला आणि हातात वही धरून दगडांकडे बघत राहिला. वहीत सगळं होतं, समोर सगळे दगड होते, आणि दोघांची ओळख कायमची तुटली होती. नंदू वर आला, त्याने एकदा दगडांकडे आणि एकदा याच्या तोंडाकडे पाहिलं.

"वाट लागली ना यार," तो म्हणाला.

संध्याकाळी उत्तराबाईंना प्रकार समजला तेव्हा त्या रडल्या नाहीत की डोकं आपटून घेतलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "पण तुला तुझे दगड ओळखता येत नाहीत?"

प्रश्न साधा होता आणि नेमका वर्मी लागला. पहिल्या वर्गात पास झालेल्या श्यामकांत कर्णिकांना दगड ओळखता येत नव्हते. त्यांना नंबर ओळखता येत होते. सतरा म्हटलं की सगळी माहिती धडाधडा बाहेर पडायची, पण सतराचा चेहरा कसा आहे हे त्यांनी तीन वर्षांत नीट पाहिलंच नव्हतं. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी भिंग घेऊन तो स्वयंपाकघराबाहेरच्या खोलीत बसला. गुलाबी ग्रॅनाइट, चकाकणारा अभ्रक, लाल जांभा, अकीक, असे ठळक चेहऱ्याचे बारा-तेरा लगेच सापडले. उरलेल्यांत जास्त भरणा काळ्यांचा. आपल्याकडचा डोंगर बघावा तो काळा, त्यामुळे चौसष्टात एकतीस काळे होते आणि धुतल्यावर ते एकमेकांचे सख्खे भाऊ दिसत होते. कॉलेजला दिवाळीची सुट्टी, प्रयोगशाळेला कुलूप, आणि आम्लाला तर घरात बंदी. दुपारपर्यंत श्यामकांतने तीन काळे दगड एका ओळीत ठेवले आणि पुन्हा उचलले, असं नऊ वेळा केलं.

आत उत्तराबाई चकल्या तळत होत्या. झाऱ्या हातात घेऊन त्या दारात आल्या.

"तो नको त्यांच्यात ठेवूस. तो वेगळा आहे."

"कशावरून?"

"जड आहे. दिसतो एवढाच, पण हातात घेऊन बघ. घंगाळात टाकला तर तळाशी धाडकन गेला मेला. मला वाटलं घंगाळ गेलं कामातून."

श्यामकांतने दोन्ही हातांत दोन दगड घेतले. खरंच जड होता. त्याने वही उघडली, पानं उलटली. बावीस नंबर, लोहाचा अंश जास्त, हाताला जड. त्याने आईकडे पाहिलं, पण ती चकल्या बघायला आत गेली होती.

"आई," त्याने जरा वेळाने हाक मारली, "आणखी कुठला वेगळा होता?"

आता उत्तराबाईंना विचारायचं म्हणजे काय, तर एकदा सुरू झाल्या की थांबायच्या नाहीत. ह्या दगडातून पाण्यात टाकल्यावर कितीतरी वेळ बुडबुडे येत होते, जसा काही आत कुणी श्वास सोडतंय. हा कालपासून वाळत नाही, हात लावून बघ. हा साबणासारखा सुळसुळीत, धुतला तरी धुतल्यासारखा वाटेना. ह्याला ओल्या माठासारखा वास येतो. ह्या गारगोटीने माझ्या तांब्याच्या घंगाळाला ओरखडा पाडला, तुझ्या बाबांना सांगू नकोस. आणि हा पिवळट. ह्याचा डाग निघेना म्हणून लिंबू चोळलं, तर बारीक फेस आला.

"फेस आला?" श्यामकांत उभाच राहिला. "लिंबाने?"

"आला म्हणजे? खोटं सांगते का मी?"

चुनखडी. सौराष्ट्र. एकोणपन्नास नंबर. कॉलेजात हेच काम करायला बाटलीतलं आम्ल लागायचं आणि वर प्रोफेसरांची सही लागायची. वजन, कठीणपणा, पाणी शोषायची ताकद, वास, स्पर्श, पुस्तकातलं अख्खं पाचवं प्रकरण उत्तराबाईंनी एका दुपारी काथ्याने घासून पुरं केलं होतं, आणि वर दुपारचा चहाही चुकवला नव्हता.

"तुला हे सगळं लक्षात कसं राहिलं?"

"हाताने घासलेत मी ते," त्या म्हणाल्या. "तू कधी घासलेस?"

दिवाळीचे ते चार दिवस असे गेले. फराळाचे डबे एकीकडे, दगड दुसरीकडे. काळ्या दगडांचं कोडंही त्यांनीच बरंचसं सोडवलं. एकाच्या भोकांतून वाळू आणि शिंपल्यांचा चुरा निघाला होता, म्हणजे तो जुहूचा. दोघांनी पाणी तांबडं केलं होतं, ते बोरिवलीच्या तांबड्या मातीतले. श्यामकांत वही वाचायचा, उत्तराबाई दगड उचलून नाकाशी न्यायच्या, बोटाने खरवडायच्या, नाहीतर नुसत्याच मान हलवायच्या. मध्येच त्या उठताना कण्हल्या.

"टाचा बघ कशा उलल्यात. ह्या साफसफाईत माझा पाय घासायचा दगडही कुठे गेला, देव जाणे."

"हं," श्यामकांत म्हणाला. त्याच्या हातात तेव्हा एक भोकाभोकांचा काळा दगड होता, एका अंगाने चमत्कारिक गुळगुळीत, आणि तो त्याच्याकडे भिंगातून अत्यंत शास्त्रीय नजरेने बघत होता.

मोजले तर पासष्ट भरले. पुन्हा मोजले, पासष्टच. वहीत चौसष्ट. नंदू म्हणाला, "पिल्लू झालं यार एखाद्याला." श्यामकांतला हसू आलं नाही. आपण एक नमुना वहीत लिहायचाच विसरलो, याची त्याला भयंकर शरम वाटली.

भाऊबीजेच्या संध्याकाळपर्यंत अठ्ठावन्न दगड आपापल्या नंबरांवर परत बसले. सात उरले. वहीत सहा नोंदी उरल्या. सातही काळे, आणि उत्तराबाईंनीही त्यांच्यापुढे हात टेकले.

मार्तंडरावांनी चष्मा पुसला. "घाल कुठलेही सहा नंबर आणि एक ठेव घरी. तीस वर्षं कागद सांभाळतोय मी. फाईल आणि सोबतची यादी कुणी जुळवून बघितल्याचं मला आठवत नाही."

सल्ला वाईट नव्हता. श्यामकांतने ब्रश उचलला, रंगात बुडवला. डोळ्यांपुढे खिडकीजवळची खुर्ची आली. कुणाला कळणार होतं? सातातले सहा, काळे ते काळे.

"डब्यावर धने लिहायचं आणि आत जिरे ठेवायचे," उत्तराबाई फुलवाती वळता वळता म्हणाल्या. "मग आमटी बिघडली की शिव्या सुनेला. माहीत नाही तर नाही म्हणून सांग. त्यात काय मेलं?"

"साहेब लोकांना नाही चालत ते," मार्तंडराव म्हणाले.

"तुमच्या साहेबांना नसेल चालत."

श्यामकांतने ब्रश टर्पेंटाइनच्या बाटलीत ठेवून दिला. त्याला सुटल्यासारखं वाटलं आणि भीतीही वाटली.

सोमवारी तो आणि नंदू दोन पिशव्या घेऊन निघाले. नंदूने वाटेत तीनदा खांदा बदलला आणि प्लास्टरच्या दगडांचे फायदे समजावून सांगितले. कोट मार्तंडरावांचा होता, बाह्या दोन बोटं लांब. आत तीन साहेब बसले होते. डावे आणि उजवे गंभीर होते, मधले म्हातारे बंगाली होते आणि त्यांना चहा हवा होता, तो येत नव्हता.

श्यामकांतने दगड टेबलावर मांडले. डाव्या साहेबांनी सतरा उचलला, चुनखडी उचलली, प्रश्न विचारले. उत्तरं बरी गेली, फक्त एकदा जीभ घसरली. उजव्या साहेबांनी विचारलं, "ही गारगोटी तांब्यापेक्षा कठीण, हे तुम्ही कशावर तपासलंत?" आणि श्यामकांत बोलून गेला, "घंगाळावर, सर." मग त्याला सगळंच सांगावं लागलं, कबुतरं, सोडा, काथ्या, लिंबू. मधल्या साहेबांनी चहाचा विचार सोडला.

"आणि हे सात? ह्यांना नंबर का नाहीत?"

"कुठले ते माहीत नाही, सर."

"वहीत तर सहाच उरलेत."

"हो सर. एक जास्त आहे. तो कुठून आला तेही माहीत नाही."

उजव्या साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं. श्यामकांतला तो शेरा न वाचताच समजला. मधल्या साहेबांनी नेमका तो भोकाभोकांचा उचलला आणि हातात फिरवला. "ह्याच्याबद्दल काय सांगाल?"

"लाव्ह्याच्या थराच्या वरच्या भागातला आहे, सर. वाफ निघून गेली त्याची ही भोकं." श्यामकांतने तो परत हातात घेतला आणि या खेपेला भिंग लावलं नाही, अंगठा फिरवला. "एकच बाजू झिजली आहे. पाण्याने झिजता तर सगळीकडून झिजला असता. ही बाजू कशावर तरी घासली गेलीय, रोज, खूप वर्षं. कशावर ते मला सांगता येत नाही."

मधल्या साहेबांनी दगड काढून घेतला. मग ते खुर्चीत जरा सरकले, त्यांचा हात टेबलाखाली गेला, आणि ते वाकून आपल्या चपलेतल्या टाचेशी काहीतरी करताहेत असं श्यामकांतला वाटलं. वर आले तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"मला सांगता येतं," ते म्हणाले. "घरी जाऊन विचारा, हा कुणी शोधतंय का."

दारातून आत पाऊल टाकतो न टाकतो तोच मोरीतून आवाज आला, "श्याम, मिळाला का रे माझा दगड कुठे? चालवत नाही आता." श्यामकांतने पिशवी खाली ठेवली, तो दगड काढला आणि मोरीच्या उंबऱ्याशी ठेवला. मग तो भिंतीला टेकून खाली बसला आणि इतका हसला की नंदूला वाटलं, मुलाखत गेली आणि याचं डोकंही गेलं.

नोव्हेंबर संपत आला. मार्तंडरावांनी एक डिसेंबरसाठी कोट इस्त्री करून आणला, बाह्या दोन बोटं आत घेऊन. सव्वीस तारखेला पत्र आलं. नेमणूक झाली होती, बिहारमध्ये सिंहभूम जिल्ह्यात, पंधरा दिवसांत हजर व्हायचं. मार्तंडरावांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घातली, आणि इस्त्रीचा कोट स्वतःच्या हाताने ट्रंकेत ठेवला. त्या आठवड्यात गल्लीत कुणीतरी विचारलं, "मग, खडीच्या खाणीवर का?" "हो," मार्तंडराव म्हणाले, "सरकारी खडी," आणि छत्री न उघडता पुढे गेले.

जायच्या आदल्या दुपारी उत्तराबाईंनी ट्रंकेत लोणच्याची बरणी ठेवली, लाडवांचा डबा ठेवला, आणि पाय घासायचा दगड ठेवला.

"हा कशाला? तुझा आहे तो."

"दिवसभर उन्हातान्हात चालणार तू. मी काय, मोरीतून ओट्यापर्यंत. असू दे."

 श्यामकांतने पांढऱ्या रंगाची डबी काढली, दगडाच्या कोपऱ्यावर ठिपका दिला, फुंकर घालून वाळवला आणि शाईने नंबर घातला, पासष्ट.

"हे काय, पुन्हा कबुतर?" उत्तराबाई म्हणाल्या.

त्याने वही उघडून त्यांच्यापुढे धरली. रेशनकार्ड सोडलं तर आपलं नाव कुठे लिहिलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. त्या बोट ठेवून सावकाश वाचू लागल्या : क्रमांक ६५. सच्छिद्र काळा पाषाण. स्थळ : अंधेरी, आमची मोरी. शोधणारी : सौ. उत्तरा मार्तंड कर्णिक.

"चुकलास," त्या म्हणाल्या.

"कुठे?"

"हा अंधेरीचा नाही. हा पेणचा. लग्न होऊन इकडे निघाले ना, तेव्हा भाऊंनी, तुझ्या आजोबांनी, भोगावतीच्या काठच्या खडकातून हातोडीने फोडून दिला. म्हणाले, मुंबईला सगळं मिळेल, हा मिळायचा नाही." त्यांनी दगडावरून अंगठा फिरवला. "माहेरचं म्हणून एवढंच राहिलं होतं. सव्वीस वर्षं झाली."

"मग तो मला कशाला देतेस, आई?"

"मग काय कबुतरांना देऊ?" असं म्हणून त्यांनी पदराने डोळे पुसले आणि त्या लगबगीने आत गेल्या, कारण शेगडी विझत आली होती.

 नोंद खोडायची नाही, चुकीवर एक रेघ मारून शेजारी बरोबर ते लिहायचं, असं प्रोफेसरांनी शिकवलं होतं. श्यामकांतने 'अंधेरी, आमची मोरी' वर रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, 'पेण, भोगावतीचा काठ. फोडणारे भाऊ, वापरणारी आई.' मग त्याने तो दगड एका जुन्या बनियनमध्ये गुंडाळला आणि ट्रंकेच्या तळाशी, कोटाच्या घडीखाली ठेवून दिला.